फलाटावरची बाई

इंग्लंडातल्या कार्लाइल गावात रेल्वेचं वेड नसलेला म्हातारा सापडणं तसं कठीण, पण एडगर रेल्फइतका वेडा दुसरा नव्हता. गंमत म्हणजे रेल्वेत त्याने एक दिवसही नोकरी केली नाही. सगळा जन्म बिस्किटांच्या कारखान्यात गेला, निम्मा डबे भरण्यात आणि निम्मा डबे भरणाऱ्यांवर ओरडण्यात. पण कुठलाही जुना, कोपरे दुमडलेला फोटो त्याच्यापुढे टाका. इंजिनाचा नंबर वाफेत बुडालेला असो की काढणाऱ्याचा हात हललेला असो, एडगर भिंग डोळ्याला लावायचा, नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायचा आणि थोड्या वेळाने त्या इंजिनाची कुंडली मांडायचा. धुराड्याची उंची, बॉयलरवरच्या घुमटाचा उतार, पायरीचा बाक, एवढ्यावरून इंजिन कुठल्या कारखान्यात जन्माला आलं ते कळे. मागे उभ्या मालगाडीच्या वाघिणींवरून साल कळे आणि सिग्नलच्या खांबावरून स्टेशन.

असल्या माणसांचं एक मंडळ होतं. दर गुरुवारी सकाळी मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत ते भरे. सगळे साठी-सत्तरी ओलांडलेले, सगळ्यांच्या कोटाच्या खिशात भिंग. एखादा सभासद वारला की त्याची बायको नाहीतर सून खोकी घेऊन दारात हजर होई. घरात जागा नाही आणि जाळायला जीव होत नाही, अशी त्या खोक्यांची अवस्था. मंडळी ती खोकी उपसत, एकेका फोटोतलं इंजिन आणि डबे ओळखत, आणि मऊ पेन्सिलीने मागे लिहून ठेवत. एकाने ओळखलेलं दुसऱ्याने तपासायचं आणि दोघांची नावाची अक्षरं मागे पडली की मगच ते खरं मानायचं, असा नियम होता. चिटणीस डेस्मंड हॉजसन या नियमाचा राखणदार. इंजिनावरच्या एका रिव्हेटच्या जागेवरून त्याने सख्ख्या मेव्हण्याशी सात वर्षं अबोला धरला होता.

आणखी एक रीत होती, ती मात्र कुणी लिहून ठेवलेली नव्हती, ती सगळ्यांच्या हाडीमाशी होती. फोटोत माणूस नको. ऊन पाठीशी हवं, इंजिन तिरकं हवं, धूर झकास हवा, आणि माणूस नको. ड्रायव्हर खिडकीत मावला तर चालून जाई. पण फलाटावर कुणी मध्ये आलं की सगळे कॅमेरेवाले एका सुरात ओरडत, ‘ओ बाई, जरा सरका!’ एवढं करून कुणी चौकटीत राहिलंच तर मागच्या मजकुरात त्याचा उल्लेख करायचा नाही. इंजिन अमुक, डबे तमुक, स्टेशन हे. माणसाला जागा नाही.

एडगरच्या बायकोनेही हे खूप ऐकलं होतं. एनिड त्याला कारखान्यातच भेटली. लग्न झालं आणि तो शनिवार-रविवारी कॅमेरा घेऊन निघाला की ती सँडविचचा डबा आणि चहाचा थर्मास टोपलीत घालून बरोबर निघे. वाऱ्यावर, पावसात, कुठल्याशा आडगावच्या फलाटावर ती उभी राही. ‘एनिड, बाजूला हो गं जरा,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. पुढेपुढे तर लांबून शिट्टी ऐकली की ती आपणहून बाजूला होई, त्याला सांगावंही लागत नसे. मग अठ्ठावन्न साली तिची आई अंथरुणाला खिळली आणि एनिडचं जाणं सुटलं. आई गेल्यावर एडगरने एकदोनदा विचारलं, चलतेस का म्हणून. ‘जाऊन ये तू,’ ती म्हणाली. तो गेला. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं तो जाऊन येत राहिला.

मूलबाळ नव्हतं. एनिड छातीच्या दुखण्याने गेली, आणि त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ईडन नदी गावात शिरली. एडगरच्या खालच्या मजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. घरातले फोटो, लग्नाचा अल्बम, एनिडच्या मावशीने काढलेले नाताळचे चारदोन फोटो, सगळं खालच्या कपाटात होतं. पाणी ओसरल्यावर त्याची एकसंध, तपकिरी वीट झालेली सापडली. वरच्या खोलीत इंजिनांच्या निगेटिव्ह होत्या. ओल लागू नये म्हणून त्याने त्या मुद्दाम वर ठेवल्या होत्या. त्यांना एक थेंब शिवला नाही. ‘नशीबवान आहात, मिस्टर रेल्फ,’ विम्याचा माणूस म्हणाला, ‘संग्रह वाचला तुमचा.’

त्यानंतर एडगरला कळलं की आपल्याकडे एनिडचा एकही फोटो नाही. बसच्या पासवर एक होता, पण तो त्याने ती गेल्याच्या आठवड्यातच नियमाप्रमाणे कचेरीत परत करून टाकला होता. हेक्सम गावच्या, एनिडच्या भाचीने शोधून एक पाठवला, त्यात एनिड सात वर्षांची होती, दात पडलेली. ती मुलगी एडगरच्या ओळखीची नव्हती.

फोटो नाही म्हणून काय झालं, मनात आहेच की, असं लोक म्हणतात. एडगरच्या मनात ती पाठमोरी होती. मोरीशी उभी, बाह्या वर सारलेल्या. तिचे हात आठवत, जिना चढतानाचं तिचं थांबणं आठवे, नाव घेतल्यावर ती ‘हं’ म्हणे तो आवाज आठवे. पण चेहरा आणायला गेलं की खिडकीतलं ऊन आडवं येई. आजारपणाच्या शेवटच्या दिवसांतला चेहरा तेवढा स्पष्ट होता, आणि तो त्याला नको होता. शेकडो इंजिनं तो डोळे मिटून रंगासकट उभी करू शकत होता. आपल्या बायकोचं नाक कसं होतं हे त्याला नीट सांगता येईना. याची त्याला लाज वाटे आणि भीतीही वाटे, आणि हे सांगायला घरात कुणी नव्हतं.

त्याने आपल्या सगळ्या निगेटिव्ह उजेडाला धरून पाहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा तो इंजिनं सोडून फलाटाच्या कडा पाहत होता. एका ठिकाणी कोपर सापडलं. एका ठिकाणी टोपलीची कड. एका ठिकाणी इंजिनाच्या सावलीशेजारी दुसरी लहान सावली पडलेली होती, ती नक्की तिची. काम त्याने फार चोख केलं होतं. कुठेही ती आत आलेली नव्हती.

अशात पेन्रिथचा गॉर्डन लॅम वारला. गॉर्डन सडाफटिंग, मनाने गोड, आणि फोटो काढण्यात ठार ढ. त्याच्या फोटोत इंजिन शोधावं लागे. फलाटावरची पोरं, हमाल, कुत्री, सायकली, सगळी जत्रा त्याच्या चौकटीत शिरे. मंडळाने त्याची हयातभर थट्टा केली. पण मंडळाच्या एकाही सहलीला तो चुकला नव्हता, आणि एनिड ज्या सहलींना येई त्यांनाही तो होताच. पुतण्याने त्याची खोकी आणून टाकली तेव्हा बाकीच्यांनी कपाळाला हात लावला. एडगर म्हणाला, ‘मी बघतो ती.’

तो ती खोकी इतकी हळू पाहू लागला की लोक बोलायला लागले.

‘काय रे, अंडी उबवतोयस की काय त्या खोक्यावर?’ रॉनी बेलने विचारलं. रॉनी मंडळातला गप्पिष्ट, एडगरचा जुना दोस्त.

‘कचरा आहे सगळा. वेळ लागतोच.’

‘कचऱ्याला कुणी भिंग लावतं का?’

एडगरने पुढचं पाकीट उघडलं. चहा करणारी जॉयस मात्र ओळखून होती. तिचा नवरा सभासद होता आणि तो गेल्यावरही तिने गुरुवारचा चहा सोडला नव्हता. ती एडगरजवळ कप ठेवी, त्यावर बशी झाकी आणि काही न विचारता जाई.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्याला तो फोटो सापडला. थॉर्नबेक स्टेशन. मंडळी सत्तावन्न साली व्हिट्सनच्या, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या सणाच्या, सुट्टीत तिथे गेली होती, त्याच सहलीच्या पाकिटात तो होता. इंजिन अर्धं वाफेत, नंबर दिसत नाही. मागे दुरंगी डबे, वर फिकट आणि खाली गडद, म्हणजे जुन्या रंगातले. आणि डाव्या कडेला फलाटावर एक बाई उभी. फिका कोट, हातात टोपली, डोक्याचा रुमाल वाऱ्याने उडून अर्ध्या तोंडावर आलेला. उरलेला अर्धा चेहरा उन्हात होता.

एडगरने भिंग खाली ठेवलं, चष्मा पुसला, परत लावला. हनुवटी तीच होती. हो, तीच होती. असा कोट होता तिच्याकडे. त्याने टेबलाची कड धरली. घरी जाऊन तो त्या दिवशी जेवला, अगदी पोटभर, आणि भांडी घासताना त्याने मोठ्याने म्हटलं, ‘सापडलीस बघ.’

पण नियम म्हणजे नियम. पुढच्या गुरुवारी त्याने फोटो टेबलावर मांडला. मागे त्याने आधीच लिहून आणलं होतं: थॉर्नबेक, सत्तावन्न, व्हिट्सनची सहल. इंजिनाची जात. डबे. आणि शेवटी, मंडळाच्या इतिहासात प्रथमच, एका माणसाचं नाव. डावीकडे श्रीमती एनिड रेल्फ.

रॉनीने फोटो हातात घेतला.

‘एनिडच आहे ही,’ तो म्हणाला. ‘त्या सहलीला मी होतो की. तिने मला अंड्याचं सँडविच दिलं होतं. अरे, हा कोट मला आठवतोय.’

‘तुला सँडविच आठवतंय,’ जॉयस म्हणाली.

‘दोन्ही आठवतंय. आण ती पेन्सिल.’

डेस्मंडने फोटो आपल्याकडे ओढला. त्याचं भिंग मंडळात सगळ्यांत जबर होतं, घड्याळजीकडून घेतलेलं. तो वाकला. भिंग बाईवरून गेलं, डब्यांवरून गेलं आणि इंजिनाच्या तोंडापाशी, वाफ विरळ झाली होती तिथे, येऊन थांबलं. तिथे ते बराच वेळ थांबलं. मग डेस्मंड सरळ बसला.

‘ठीक आहे,’ तो म्हणाला. ‘रॉनी, कर सही. पुढचा फोटो घ्या.’

एडगरने डेस्मंडकडे पाहिलं. इतक्या वर्षांत डेस्मंडने कुठलाही फोटो ‘ठीक आहे’ म्हणून सोडलेला त्याने पाहिला नव्हता. निदान तीन शंका काढल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. आणि आता तो एडगरकडे सोडून सगळीकडे पाहत होता.

‘तुझं भिंग दे,’ एडगर म्हणाला.

‘कशाला? झालं की ते.’

‘दे रे.’

इंजिनाच्या तोंडावर, वाफेच्या कडेला, एक पांढरा ठिपका होता. एडगरने तो घरी शंभरदा पाहिला होता आणि निगेटिव्हवरची धूळ म्हणून सोडून दिला होता. खरं म्हणजे पाहिलाच नव्हता. तो बाईला पाहत होता. आता घड्याळजीच्या भिंगाखाली त्या ठिपक्याला कोपरे आले. धुळीला कोपरे नसतात. ती चौकोनी पत्र्याची पाटी होती, वरून विजेच्या तारा जाणार तेव्हा इंजिनावर चढणाऱ्यांनी जपावं म्हणून लावलेली. असल्या पाट्या देशात साठ सालाच्या सुमाराला आल्या, त्याआधी नाही. हे शाळकरी पोराला कळेल असं होतं. दुरंगी डबे? तसा एखादा जुना डबा साठनंतरही फिरत राहायचा, आणि हे एडगरनेच मंडळाला शिकवलं होतं. गॉर्डनने पाकिटांची सरमिसळ केली होती, दुसरं काय.

खोलीत कुणाचं लक्ष नव्हतं. रॉनीने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं होतं. जॉयस कप गोळा करत होती. एडगरला एवढंच करायचं होतं की भिंग परत द्यायचं. चौकट त्याने कालच आणून ठेवली होती, बिछान्याजवळच्या टेबलावर, रिकामी. तो बसून राहिला. भिंगाखालची बाई अर्ध्या चेहऱ्याने उन्हात उभी होती, आणि ती अजूनही एनिडसारखीच दिसत होती. तेच तर वाईट होतं.

‘रॉनी, थांब,’ तो म्हणाला. ‘सही करू नकोस.’

‘का रे?’

‘इंजिनावर विजेची पाटी आहे. फोटो साठच्या नंतरचा. एनिड अठ्ठावन्ननंतर एकदाही आपल्याबरोबर आली नाही. ही एनिड नाही.’

रॉनीने फोटो घेतला, जवळ धरला, लांब धरला. ‘मला कुठली पाटी दिसत नाही.’

‘डेस्मंडला दिसली.’

डेस्मंड चष्म्याची काच पुसत होता. ‘मी काही पाहिलं नाही,’ तो म्हणाला.

‘पाहिलंस तू.’

‘बरं, पाहिलं,’ डेस्मंड चिडून म्हणाला. ‘एका इंजिनाचं साल चुकीचं राहिलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं का?’

मंडळाच्या खोलीत हे वाक्य डेस्मंड हॉजसनच्या तोंडून निघालं. रॉनी त्याच्याकडे बघतच राहिला.

जॉयसने हातातले कप खाली ठेवले. ‘एडगर, ऐक माझं. घरी घेऊन जा तो. लाव चौकटीत. कुणाचं काय जातंय?’

‘माझं जातंय, जॉयस.’ एडगरचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हळू. ‘मी रोज हिला पाहत बसलो तर महिन्याभरात मला हाच चेहरा एनिडचा वाटायला लागेल. आत्ताच वाटायला लागलाय. आहे नाही ते थोडंसं, तेही पुसून जाईल. मग ती कुठे शोधायची?’

जॉयसने कप पुन्हा उचलले. एडगरला रडू आलं नाही. त्याला फार दमल्यासारखं झालं, आणि या तिघांसमोर बसूनही आपण एकटेच आहोत हे त्याला अगदी साफ कळलं. त्यांनी आपापल्या परीने त्याच्यासाठी खोटं बोलायची तयारी केली होती, यापेक्षा जास्त कुणी काय करणार? त्याला त्यांचा राग नव्हता. त्याला एनिड हवी होती.

त्याने खोडरबर घेतलं आणि पालथ्या फोटोवरचा मजकूर खोडला. सालाच्या जागी ‘साठनंतर’ लिहिलं. डबे, स्टेशन तसंच ठेवलं. मग ज्या जागी एनिडचं नाव होतं तिथे तो पुन्हा लिहायला लागला.

‘माणसं लिहीत नाही आपण,’ डेस्मंड म्हणाला, पण सवयीने, जोर न लावता.

‘आजपासून मी लिहिणार. हिलाही कुणी शोधत असेल. पाण्यात गेलेले अल्बम काय माझ्या एकट्याचे नाहीत.’

लिहून झाल्यावर त्याने फोटो नियमाप्रमाणे डेस्मंडपुढे सरकवला. डेस्मंडने भिंग लावून वाचलं: डावीकडे एक बाई, नाव माहीत नाही, तिशीच्या आतबाहेर, फिका कोट, टोपली, डोक्याला रुमाल. वाट पाहते आहे.

‘हे शेवटचं काय?’ डेस्मंड म्हणाला. ‘वाट पाहते आहे, हे कशावरून? जे दिसतं तेवढंच लिहायचं. ते खोड.’

‘दिसतंय ते.’

‘कुठे दिसतंय?’

एडगरने बोट ठेवलं. ‘गाडी समोर उभी आहे आणि ती गाडीकडे बघतही नाहीये. आपल्याकडे बघतेय, कॅमेरेवाल्यांकडे. माझी फिल्म संपेपर्यंत एनिड अशीच उभी राहायची, डेस्मंड. अशीच. तेवढं मला पक्कं आठवतंय.’

डेस्मंडने भिंग खाली ठेवलं, पेन्सिल घेतली आणि एडगरच्या अक्षरांशेजारी आपली अक्षरं घातली.